स्क्रीनवरचे १२७ अंश: संगणकाचा ताप नेमका कोण मोजतं?

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे. कमांडची आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

आजचा भाग तापाबद्दल आहे. माणसाच्या नाही, संगणकाच्या.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. घाटकोपर पूर्वेला आमच्या ओळखीच्या एका काकांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, अशी कामं. दुकान म्हणजे दहा बाय आठचा गाळा, वर पत्र्याचा पोटमाळा, आणि संगणक टेबलाखालच्या लाकडी कप्प्यात कोंबलेला. हा संगणक रोज दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास फटकन बंद पडायचा. एरर नाही, निळा पडदा नाही. वीज गेल्यासारखा बंद. त्यात काकांनी एका छोट्या दिवाळी अंकाची पानं लावायला घेतलेली आणि छापखान्याची तारीख ठरलेली.

दुरुस्तीवाला मुलगा आला. त्याने विंडोजवर एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, तापमानांची लांबलचक यादी उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ओळीचं नाव 'ऑक्स-टिन', पुढे लाल अक्षरात १२७ अंश. "काका, बोर्ड आतून जळतोय. बदलावा लागेल. साडेनऊ हजार."

काकांनी मला फोन केला. "अगं, तू या भानगडीतली आहेस म्हणून विचारतो. १२७ म्हणजे पाणी उकळतं त्याच्याही वर ना? मी आत हात लावून बघितला, तर सगळं गार लागतंय. मग हा आकडा आला कुठून?"

मंडळी, हा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. आकडा आला कुठून? आजचा सगळा भाग याच प्रश्नाचं उत्तर आहे, कारण संगणकाच्या तापमानाबद्दल आपण जे निर्णय घेतो, पंखा बदलायचा, बोर्ड बदलायचा, नवीन मशीन घ्यायचं, ते सगळे त्या एका आकड्यावर उभे असतात.

कुलाबा की सांताक्रूझ?

आधी संगणक बाजूला ठेवू. मुंबईच्या बातम्यांत रोज तापमानाचे दोन आकडे येतात, कुलाबा वेधशाळा आणि सांताक्रूझ वेधशाळा. शहर एकच, आकडे दोन. कुलाबा तिन्ही बाजूंनी समुद्रात शिरलेलं, सांताक्रूझ उपनगरात विमानतळाजवळ. त्यामुळे दोघांत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. आणि दोन्ही ठिकाणी तापमापक असतो पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीत, हवा खेळती राहील असा. म्हणजे घाटकोपरच्या पत्र्याखाली तुम्हाला जे जाणवतं, ते या दोन्हीतलं एकही नाही.

म्हणून 'मुंबईचं तापमान ३४' हे वाक्य अर्धवट आहे. कुठे ठेवलेल्या, कशा ठेवलेल्या तापमापकाचं ३४, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. संगणकाचंही अगदी तसंच आहे. 'संगणकाचं तापमान' अशी एक गोष्टच नसते. एका साध्या डेस्कटॉपमध्ये दहा-पंधरा तापमापक असतात, आणि प्रत्येकाची जागा, पद्धत आणि सचोटी वेगळी.

आत नेमकं काय असतं

ढोबळमानाने तीन प्रकार धरा.

पहिला, प्रोसेसरच्या आतला. सिलिकॉनच्या डायोडमधून ठरावीक प्रवाह सोडला की त्याच्या दोन टोकांमध्ये जो व्होल्टेज दिसतो, तो दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्टने कमी होतो. म्हणजे डायोड हाच तापमापक. प्रोसेसर बनवणारे चिपच्या आत, प्रत्येक कोअरजवळ, असा तापमापक बसवतात.

दुसरा, मदरबोर्डवरचा. बोर्डावर ठिकठिकाणी छोटे थर्मिस्टर असतात, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारे तुकडे. त्यांच्या तारा एका चिपपर्यंत जातात. या चिपला सुपर आय-ओ म्हणतात. नुवोटॉन आणि आय-टी-ई या कंपन्यांच्या चिप आपल्याकडच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये दिसतात. पंख्यांचे फेरे मोजणं, व्होल्टेज मोजणं हेही तिचंच काम.

तिसरा, ड्राइव्हमधला. हार्ड डिस्क आणि एसएसडी स्वतःचं तापमान स्वतः मोजतात आणि विचारलं तर सांगतात.

आता गंमत अशी की यातला प्रत्येक जण थेट 'अंश सेल्सिअस' बोलतोच असं नाही. प्रत्येकाची बोली वेगळी.

इंटेलचा प्रोसेसर तापमान सांगतच नाही. तो सांगतो, 'मी माझ्या कमाल मर्यादेपासून किती खाली आहे.' मर्यादा १०० असेल आणि तो ४२ म्हणाला, तर तापमान ५८. त्यामुळे हा आकडा मर्यादेजवळ जास्त भरवशाचा असतो. मशीन गार असताना तो दोन-चार अंश इकडेतिकडे असला तर डोकं खाजवत बसू नका.

एएमडीची वेगळीच तऱ्हा. त्यांच्या काही प्रोसेसरमध्ये जो आकडा मिळतो तो पंख्याला हुकूम देण्यासाठी बनवलेला असतो, खरं तापमान दाखवायला नव्हे. रायझेन सेव्हनच्या १७००एक्स आणि १८००एक्स या मॉडेलांत तो मुद्दाम २० अंश वाढवून दिला जायचा. पहिल्या थ्रेडरिपरांमध्ये २७ अंश. ज्याला हे माहीत नाही, तो ६० अंशांच्या चिपला ८० समजून घाबरणार.

एनव्हीएमई प्रकारची एसएसडी केल्विनमध्ये बोलते. तिच्याकडून ३२० आलं तर २७३ वजा करा, ४७ अंश. आणि एलएम-७५ नावाची एक जुनी, साधी सेन्सर चिप आहे, ती दोन बाइट देते. पहिल्या बाइटमध्ये पूर्ण अंश, दुसऱ्याचा पहिला बिट म्हणजे अर्धा अंश. ४१ आणि १२८ आलं की समजायचं साडेएक्केचाळीस.

इतक्या बोली. कोणीतरी दुभाषा हवाच. तो दुभाषा म्हणजे डिव्हाइस ड्रायव्हर.

मधला माणूस

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, राहणारा एक छोटा प्रोग्रॅम. त्याला एका विशिष्ट चिपची बोली येते. तुम्ही म्हणाल, हे काम साधा प्रोग्रॅम का करू शकत नाही? त्याची दोन कारणं आहेत.

एक, परवानगी. प्रोसेसरच्या आतले ते आकडे ज्या खास रजिस्टरांमध्ये असतात, ती वाचायची सूचना फक्त कर्नलला चालते. आणि ते बरंच आहे. कुठलाही प्रोग्रॅम येऊन हार्डवेअरमध्ये हात घालू लागला तर आग लागायला वेळ लागणार नाही.

दोन, रांग. हे जरा सावकाश सांगते. सुपर आय-ओ चिपमध्ये रजिस्टर भरपूर आणि पत्ते कमी, म्हणून ती रजिस्टर कप्प्यांमध्ये विभागलेली असतात. आधी चिपला सांगायचं, 'दोन नंबरचा कप्पा उघड,' मग वाचायचं. आता समजा एका प्रोग्रॅमने दोन नंबरचा कप्पा उघडला, आणि तो वाचणार तेवढ्यात दुसऱ्याने चार नंबरचा उघडला. पहिल्याला आकडा मिळणार, पण चार नंबरच्या कप्प्यातला. तापमान समजून तो भलतंच काहीतरी वाचणार. रेशनच्या दुकानात दोघांनी एकदम वजनकाट्यावर पिशवी ठेवावी तसा प्रकार. ड्रायव्हर तिथे कुलूप लावतो. एकाचं वाचून होईपर्यंत दुसरा थांबतो.

पाच प्रोग्रॅमना तापमान हवं असलं तरी चिपशी बोलणारा एकच असतो. बरेच ड्रायव्हर शेवटचा वाचलेला आकडा सेकंद-दीड सेकंद जपून ठेवतात आणि मधल्या काळात कोणी विचारलं तर तोच देतात. म्हणून सेकंदाला वीस वेळा तापमान वाचणारा प्रोग्रॅम लिहिलात, तर बहुतेक वेळा तोच तो आकडा वीसदा मिळेल.

फाइलमध्ये अठ्ठावन्न हजार

लिनक्समध्ये या व्यवस्थेचं नाव आहे एचडब्ल्यूमॉन, म्हणजे हार्डवेअर मॉनिटरिंग. कल्पना फार साधी आहे. चिप कुठलीही असो, ड्रायव्हरने तिचे आकडे ठरलेल्या नावाच्या फायलींमध्ये, ठरलेल्या एककात मांडायचे. 'सिस' या फोल्डरमध्ये 'क्लास', त्यात 'एचडब्ल्यूमॉन', आणि त्यात प्रत्येक चिपचं एक फोल्डर. आत 'नेम' नावाची फाइल, म्हणजे कोण बोलतंय. 'टेम्प-वन-इनपुट', म्हणजे पहिलं तापमान. 'टेम्प-वन-लेबल', ते कशाचं आहे. 'टेम्प-वन-क्रिट', धोक्याची पातळी कुठली. 'फॅन-वन-इनपुट', पंख्याचे मिनिटाला फेरे. एका फाइलमध्ये एकच आकडा. या खऱ्या फायली डिस्कवर नसतात. तुम्ही उघडता त्या क्षणी ड्रायव्हर उत्तर देतो.

पहिल्यांदा कोणी ती फाइल उघडली की दचकतो. आत लिहिलेलं असतं ५८०००. अठ्ठावन्न हजार! सूर्याचा पृष्ठभागसुद्धा साडेपाच हजारांच्या आसपास असतो. कारण एवढंच, की कर्नलमध्ये दशांश चिन्हाची गणितं टाळतात, म्हणून तापमान अंशाच्या हजाराव्या भागात लिहायचं ठरलं. हजाराने भागा, ५८ अंश.

हे ठरण्याआधी काय होतं? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मदरबोर्डांवर एलएम-७८, एलएम-७५ अशा सेन्सर चिप येऊ लागल्या. त्यांच्याच नावावरून 'एलएम-सेन्सर्स' हा मुक्त प्रकल्प सुरू झाला. डिसेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलची २.६ ही आवृत्ती आली, आणि त्या मालिकेत हे ड्रायव्हर कर्नलच्या आत येत गेले, आकडे 'सिस'मधल्या फायलींत दिसू लागले. पुढे यादी वाढत गेली. जानेवारी २०२० च्या ५.५ आवृत्तीत एनव्हीएमई ड्राइव्ह आल्या, त्यानंतरच्या ५.६ मध्ये साट्टा हार्ड डिस्कसाठी 'ड्राइव्हटेम्प' आला. त्याआधी हार्ड डिस्कचं तापमान बघायला वेगळा प्रोग्रॅम आणि रूटचे अधिकार लागायचे.

या प्रवासात एक मोठा अपघातही झाला. बोर्डावर कुठल्या चिप आहेत हे शोधायला एलएम-सेन्सर्स वेगवेगळ्या पत्त्यांवर हाक मारून बघायचं, कोण 'ओ' देतंय ते. काही जुन्या आयबीएम थिंकपॅड लॅपटॉपमध्ये त्या पत्त्यांवर सेन्सर नव्हता, महत्त्वाची माहिती साठवणारी मेमरी चिप होती. हाका मारल्याने तिच्यातली माहिती बिघडली आणि लॅपटॉप सुरूच होईनात. शेवटी आयबीएमचं मशीन दिसलं की शोध थांबवायचा, असा नियम कोडमध्ये घालावा लागला. नुसतं तापमान विचारायला गेलं तरी नुकसान होऊ शकतं, हा त्यातला धडा.

आकडा खोटा कुठे पडतो

आता काकांच्या १२७ कडे येऊ.

सुपर आय-ओ चिपला तापमानाची पाच-सहा तोंडं असतात. मदरबोर्ड बनवणारा त्यातली दोन-तीनच वापरतो. बाकीच्यांना तारच जोडलेली नसते. पण चिपला ते माहीत नसतं. ती प्रामाणिकपणे त्या रिकाम्या तोंडावरचा व्होल्टेज मोजते आणि काहीतरी आकडा देते. ड्रायव्हरलाही माहीत नसतं, कारण बोर्डाचा नकाशा कंपन्या सहसा जाहीर करत नाहीत. ड्रायव्हर फक्त चिपच्या माहितीपत्रकातलं नाव लावून आकडा पुढे करतो, 'ऑक्स-टिन', म्हणजे जादाचं तापमान-तोंड.

आणि १२७ च का? आठ बिटांत धन-ऋण संख्या लिहायच्या तर उणे १२८ ते १२७ एवढीच मजल जाते. १२७ हे त्या पट्टीचं शेवटचं टोक. रिकामं तोंड पट्टीच्या टोकाला जाऊन बसलं, बस. वजनकाट्याचा काटा शेवटच्या खिळ्याला टेकला असेल तर आपण 'एवढं वजन आहे' म्हणत नाही, काटा बघतो. तसंच हे.

म्हणजे एका आकड्यामागे चार जण असतात. मोजणारा सेन्सर, त्याचं वाचणारी चिप, भाषांतर करणारा ड्रायव्हर, आणि नाव लावून लाल-हिरवा रंग देणारा प्रोग्रॅम. शेवटच्याला पहिल्याची काहीच खबर नसते. १२७ लाल करायचं, एवढंच त्याला शिकवलेलं.

इथे मला अलिबागची आठवण होते. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभॉय मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी चुंबकीय वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागला हलवली, १९०४ साली. चुंबकीय नसलेल्या दगडाची इमारत बांधली. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे, १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. ट्राम धावू लागल्या १९०७ मध्ये. त्याआधी काम झालेलं होतं.

मोजणाऱ्याच्या शेजारी काय आहे हे बघा, आणि एका आकड्यावर विसंबू नका, दुसऱ्याशी ताडून बघा. संगणकाच्या तापमानालाही हीच शिस्त लागते.

विंडोजवाल्यांचं काय

आपल्यातले बहुतेक जण विंडोजवर असतात, म्हणून हेही सांगते. विंडोजमध्ये प्रोसेसरच्या सेन्सरसाठी लिनक्ससारखी सगळ्यांना खुली, एकसारखी खिडकी नाही. टास्क मॅनेजरमध्ये २०२० पासून ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं नाही. बायोसकडून मिळणारा एक आकडा आहे, तो केल्विनच्या दहाव्या भागात येतो. ३०१० आला तर २७.८५ अंश. पण बऱ्याच बोर्डांवर तो दिवसभर जागचा हलतच नाही.

म्हणून तापमान दाखवणारे फुकटचे प्रोग्रॅम स्वतःबरोबर स्वतःचा ड्रायव्हर घेऊन येतात. त्यातला एक वर्षानुवर्षं फार वापरला गेला, विनरिंग-झीरो. तो हार्डवेअरची दारं जवळपास कोणालाही उघडून देतो. तापमान बघणाऱ्यालाही आणि घुसखोरालाही. ही त्रुटी २०२० मध्ये नोंदवली गेली आणि २०२५ मध्ये विंडोज डिफेंडर त्याला पकडू लागला. लोकांचे पंखे चालवणारे प्रोग्रॅम अचानक 'धोकादायक' ठरले. लोक चिडले, पण डिफेंडरचं चुकलं असं मला वाटत नाही. तापमानाच्या एका आकड्यासाठी गाभ्याची किल्ली कुणाच्या हातात देतोय, हे बघायलाच हवं.

आणि दोन असे प्रोग्रॅम एकाच वेळी चालवू नका. मघाशी सांगितलेली कप्प्यांची गोष्ट आठवा. प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा, एकाचं कुलूप दुसऱ्याला दिसत नाही.

काकांच्या दुकानात

शनिवारी दुपारी बारा वाजता मी पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन गेले. काही इन्स्टॉल करायचं नव्हतं, फक्त पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं. भिंतीवरच्या साध्या तापमापकात ३४ अंश. हा आकडा आधी लिहून घेतला, कारण बाकी सगळं त्याच्यावर चढतं. पंखा खोलीतलीच हवा फेकतो. एसी खोलीत २४ असताना जी चिप ७० वर राहते, ती ३४ च्या खोलीत साधारण ८० वर जाणार. काकांचं मशीन सकाळी चालायचं आणि दुपारी मरायचं, त्याचं अर्धं उत्तर इथेच होतं.

मग 'सेन्सर्स' ही कमांड दिली. यादी आली. ऑक्स-टिन १२७. बोर्डाचं तापमान ४३. हार्ड डिस्क ४७. प्रोसेसरचा पंखा मिनिटाला २१५० फेरे. प्रोसेसरचे कोअर ५८, आणि त्याची मर्यादा १००.

आता परीक्षा. मशीनला मुद्दाम कामाला लावलं, सगळे कोअर शंभर टक्के. आणि बघत बसलो. ऑक्स-टिन १२७ च. दाराजवळचा टेबलफॅन कप्प्यासमोर लावला, तरी १२७ च. म्हणजे ही ओळ मेलेली आहे. खरं तापमान काम वाढलं की वाढतं, हवा दिली की उतरतं. जो आकडा कशालाच दाद देत नाही, तो कशाचंच तापमान नाही.

पण कोअर? पाच सेकंदांत ५८ वरून ९२. पाऊण मिनिटात १००. लिनक्समध्ये अजून एक मोजणी असते, प्रोसेसरने तापामुळे किती वेळा स्वतःचा वेग कमी केला त्याची. सुरुवातीला ती शून्य होती. मिनिटभरात काहीशेवर गेली. मी लगेच काम थांबवलं.

मर्यादेला पोचला की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग उतरवतो. तेवढ्याने भागलं नाही तर हार्डवेअर थेट वीज तोडतं, ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता. म्हणूनच एरर नाही, नोंद नाही, फटकन अंधार.

तर मुलाचं निदान अर्धं खरं होतं. मशीन खरंच तापत होतं. फक्त बोट चुकीच्या ओळीवर होतं. खरी ओळ थोडी वर होती.

आणि काकांचा हात? "गार लागतंय" हे ते बरोबरच म्हणत होते, आणि तोच सगळ्यात मोठा पुरावा होता. आतली चिप शंभर अंशांवर, आणि तिच्यावर बसवलेला हीटसिंक गार. याचा अर्थ उष्णता चिपमधून हीटसिंकमध्ये पोचतच नाही. तापमान पाच सेकंदांत चढलं तेही याचमुळे. हीटसिंक नीट टेकलेला असता तर आधी तो तापला असता, आकडा सावकाश चढला असता.

मशीन बंद केलं, वायर काढली, झाकण उघडलं. हीटसिंकच्या चार प्लॅस्टिक खुंट्यांपैकी एक बाहेर आलेली, एक कोपरा उचललेला. खालची पेस्ट सुकून खडूसारखी झालेली. जुनी पेस्ट पुसली, नवीन लावली, चारही खुंट्या 'कट्ट' आवाज येईपर्यंत दाबल्या. कप्प्याची मागची फळी काकांनी स्वतः पाना घेऊन काढली.

पुन्हा तीच परीक्षा. खोली ३४. अर्धा तास पूर्ण भार. कोअर ७४ वर जाऊन थांबले. वेग उतरवल्याची मोजणी शून्य. ऑक्स-टिन, अर्थातच, १२७.

काका बराच वेळ त्या ओळीकडे बघत होते. म्हणाले, "हे असंच राहणार? उद्या दुसरा कोणी येऊन परत बोर्ड बदलायला सांगेल." त्यांचं विंडोज होतं, म्हणून त्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ लपवून दिली. लिनक्सवर एलएम-सेन्सर्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'इग्नोर' असा शब्द लिहून अशी ओळ कायमची काढता येते, 'लेबल' लिहून नाव बदलता येतं. हे काम ड्रायव्हर करू शकत नाही. तुमच्या बोर्डावर कुठली तार जोडली आहे हे तुम्हीच ताडून बघायचं आणि लिहून ठेवायचं.

दिवाळी अंक वेळेत छापखान्यात गेला. दुरुस्तीवाल्या मुलाला मी नंतर सगळं दाखवलं. त्याने वाद घातला नाही. तो म्हणाला, "ताई, सॉफ्टवेअरने लाल दाखवलं म्हणून मी सांगितलं." त्याला कोण दोष देणार? लाल रंग बघून आपण सगळेच तसं करतो.

जाता जाता

तुमच्या घरी कधी असा प्रसंग आला तर चार गोष्टी करा. आधी खोलीचं तापमान लिहा. मग कुठलाही आकडा बघताना विचारा, हा कोण बोलतोय, प्रोसेसर, बोर्ड की ड्राइव्ह? तिसरं, मशीनला काम द्या, मग हवा द्या, आणि आकडा हलतो का ते बघा. आणि चौथं, हात लावा, पण मशीन बंद करून, वायर काढून. आकडा आणि हात यांचं जमत नसेल, तर बिघाड त्या दोघांच्या मधे कुठेतरी आहे.

साडेनऊ हजारांचा बोर्ड विकत घ्यायच्या आधी एवढं केलंत तरी पुरे. तुमच्या यादीतही अशी एखादी विचित्र ओळ असेल, उणे ६० किंवा १२७, तर बोर्डाच्या मॉडेलसकट कळवा. पुढच्या भागात पंख्यांबद्दल बोलू, त्यांना ड्रायव्हर हुकूम कसा देतो आणि तो कधी देऊ नये. तोवर मशीनच्या मागे चार बोटं जागा मोकळी ठेवा. नमस्कार.